आजीच्या आत्याचे मत: बेळगाव भागातील बायकांना मताचा हक्क नेमका कधी मिळाला?

प्रश्न: मलप्रभाकाठ

मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवते. यंदा ८ मार्चला गावातील स्त्रीशक्ती संघांनी मिळून कार्यक्रम ठेवला होता. त्यात एका पाहुण्या वक्त्यांनी सांगितले की इंग्लंडच्या बायकांनी मतासाठी तुरुंग भोगला, उपोषणे केली. आपल्या बायकांना मात्र तो हक्क १९५० साली न मागता मिळाला, म्हणूनच आपल्याला त्याची किंमत वाटत नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या नववीच्या मुलींनी हेच वाक्य वहीत लिहून आणले. मला ते मनापासून खटकले, परंतु खोडून काढायला हाताशी पुरेसे काही नव्हते.

त्याच संध्याकाळी मी हा विषय घरी काढला. माझी आजी ९४ वर्षांची आहे आणि तिची स्मृती अजून चांगली आहे. ती म्हणाली, "पन्नास साली कुठले? आमच्या आत्याने इंग्रज असतानाच मत टाकले होते." आजीची ही आत्या लहानपणीच विधवा झाली होती. तिचे यजमान मराठा पलटणीत शिपाई होते आणि पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात वारले. ती माहेरी परत आली आणि शेवटपर्यंत आजीच्या वडिलांच्या घरी राहिली; तिला सरकारी पेन्शन मिळत असे. आजी सहा वर्षांची असताना, म्हणजे १९३७ च्या सुमारास, ही आत्या नऊवारी नेसून, डोईवर पदर घेऊन बैलगाडीतून मत द्यायला गेली आणि आजी हट्ट करून तिच्याबरोबर गाडीत बसली. यापुढे आजीने जे सांगितले ते मला अधिकच कोड्यात टाकणारे आहे: घरातील एकाही पुरुषाला त्या वेळी मत नव्हते. गाडी हाकणारे आजीचे वडील बाहेर झाडाखाली थांबले आणि आत्या एकटी आत गेली.

असे होऊ शकते का? की आजीची काही गफलत होते आहे? तिने आणखी एक गोष्ट सांगितली. शहापुरात दिलेली तिची मावशी चांगल्या सधन घरातील होती, तरी तिला मत नव्हते. बेळगावात राहणाऱ्या तिच्या जावेला मात्र होते. शहापूर आणि बेळगाव यांत तेव्हाही काही मैलांचे अंतर नव्हते, मग हा फरक कशामुळे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. मुलींच्या वहीतले ते वाक्य मला त्यांच्याच हातून दुरुस्त करून घ्यायचे आहे.

प्रतिसाद: शहापूरचा जुना मास्तर

बाई, तुमच्या आजींची गफलत झालेली नाही. त्यांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी कायद्याशी तंतोतंत जुळतात, आणि सहाव्या वर्षी पाहिलेले दृश्य त्यांनी इतके नेमके जपून ठेवले याचे मला फार कौतुक वाटले.

शहापूरचे कोडे आधी सोडवतो, कारण मी तिथलाच आहे. आज शहापूर हा बेळगाव शहराचाच भाग आहे, परंतु १९४८ पर्यंत ते सांगली संस्थानात होते. बेळगाव ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात होते आणि शहापूर पटवर्धनांच्या राज्यात. मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत संस्थानी प्रजेला मत नसे, मग घर कितीही सधन असो. आजींच्या मावशीचे मत पैशामुळे नव्हे, हद्दीमुळे गेले. आमच्या भागात हद्द बायकांच्या वाट्याला अशी अनेकदा आडवी आली आहे.

आता पेन्शनचे. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने सगळ्यांना मत दिले नव्हते. शेतसारा, घरभाडे, प्राप्तिकर, शिक्षण अशा अटींपैकी एखादी पुरी करणाऱ्यालाच मतदार यादीत जागा मिळे, आणि बहुसंख्य पुरुषही त्या यादीबाहेरच राहिले. बायकांच्या नावावर जमीन नसते हे सरकारलाही ठाऊक होते. म्हणून स्त्रियांसाठी काही जादा पात्रता ठेवल्या होत्या: स्त्रीला लिहितावाचता येत असेल तर ती पात्र, तिच्या नवऱ्याकडे ठराविक मालमत्ता असेल तर ती पात्र, आणि नियमित सैन्यातील शिपायाची किंवा अधिकाऱ्याची पेन्शनधारक विधवा अथवा पेन्शनधारक आई असेल तर तीही पात्र. आजींच्या आत्याबाई या शेवटच्या कलमात बसल्या. भाऊ कमी शेतसारा भरणारा कुळवाडी असेल आणि शाळेत गेलेला नसेल, तर तो बाहेर झाडाखाली थांबणारच. बेळगाव हे मराठा पलटणीचे ठाणे. इथल्या खेड्यापाड्यांतून दोन्ही महायुद्धांत माणसे गेली. त्यामुळे आपल्याकडे असे मत मिळालेल्या बायका आणखीही असणार. हा धागा वाचणाऱ्यांनी आपापल्या घरातील वृद्धांना विचारून पाहावे.

परंतु "न मागता मिळाले" या वाक्याला खरे उत्तर १९३५ च्याही मागे जाते. १९१७ च्या डिसेंबरात भारतमंत्री माँटेग्यू मद्रासला आले असताना सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ त्यांना भेटले आणि नव्या राज्यसुधारणांत पुरुषांच्या बरोबरीने स्त्रियांनाही मताधिकार द्यावा, अशी मागणी त्यांनी केली. ते शिष्टमंडळ जुळवण्यात मताधिकार चळवळीतील आयरिश कार्यकर्त्या मार्गारेट कझिन्स यांचा मोठा वाटा होता. त्यानंतर मताधिकार ठरवण्यासाठी नेमलेल्या साउथबरो समितीने ही मागणी फेटाळली. इथल्या चालीरीती पाहता ती अकाली आहे, असे तिचे म्हणणे होते. बायका गप्प बसल्या नाहीत. १९१९ मध्ये सरोजिनीबाईंनी आणि मुंबईच्या हेराबाई टाटा व त्यांची कन्या मिठन यांनी लंडनला जाऊन पार्लमेंटच्या समितीपुढे बाजू मांडली. पार्लमेंटने निर्णय स्वतः घेतला नाही. तो प्रांतांच्या कायदेमंडळांवर सोपवला. म्हणजे लढाई लंडनहून पुन्हा आपल्या दाराशी आली.

इथे मला रमाबाई रानडे यांच्याविषयी थोडे जास्त लिहावेसे वाटते, कारण आपण त्यांना न्यायमूर्तींच्या पत्नी म्हणून ओळखतो आणि तिथेच थांबतो. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या पुण्यातील योजनेतून मुलींना तूर्त वगळण्याचा घाट घातला गेला तेव्हा, १९२० मध्ये, रमाबाईंच्या पुढाकाराने तिथल्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. मोठमोठे पुढारी विरुद्ध बाजूला असताना, घराबाहेर पडणेच ज्यांना अवघड होते अशा बायकांनी पुण्यात मोर्चा काढला! त्याच रमाबाईंनी पुढे मुंबई इलाख्यात मताधिकाराच्या मागणीसाठी स्त्रियांना एकत्र केले. १९२१ मध्ये आधी मद्रास आणि मग मुंबई कायदेमंडळाने स्त्रियांना मताधिकार देणारा ठराव केला. बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात असल्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९२१ असे आहे. अर्थात मालमत्तेची अट कायम होती, त्यामुळे प्रत्यक्षात मतदार बायका मूठभरच होत्या. शिवाय त्यांना मत देता येई, निवडून जाता येत नसे. तो अडथळा १९२६ मध्ये दूर झाला.

आणखी एक गोष्ट मुलींना अवश्य सांगा. ब्रिटनमध्ये १९१८ साली मत मिळाले ते तीस वर्षांवरील आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांना. पुरुषांच्या बरोबरीने मत मिळायला तिथे १९२८ उजाडले. तिथली मागणी आपल्यापेक्षा जुनी असली, तरी मत मिळण्याची वेळ जवळजवळ तीच आहे. आणि १९२४ चे काँग्रेस अधिवेशन आपल्या टिळकवाडीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरले, त्याचा अभिमान आपण बाळगतो; त्यांच्यानंतर १९२५ साली कानपूरच्या अधिवेशनात अध्यक्षपदावर बसल्या त्या १९१७ चे ते शिष्टमंडळ नेणाऱ्या सरोजिनी नायडू.

प्रतिसाद: वखारवाला निपाणी

मास्तरांनी लिहिलेले सारे बरोबर आहे, तरीही त्यात एक मोठी उणीव राहते, ती नम्रपणे मांडतो. माझी आई आणि तिच्या आधी तिची आई निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करत होत्या. दिवसभर तंबाखूच्या धुळीत बसणाऱ्या, नावावर जमीन नसलेल्या, अक्षरओळख नसलेल्या या बायका १९२१ च्याही बाहेर होत्या आणि १९३७ च्याही. मालमत्ता, साक्षरता आणि नवऱ्याची ऐपत अशा चाळण्या लावल्यावर कोण खाली गळते ते सांगायला नको. १९३५ च्या कायद्याने देशभरात सुमारे ६० लाख स्त्रिया मतदार झाल्या, तर पुरुष मतदार सुमारे २ कोटी ९० लाख होते. हा इतिहास सांगताना मुलींपुढे फक्त रेशमी साडीतल्या बायका उभ्या राहू नयेत, एवढेच माझे मागणे आहे.

सरसकट प्रौढ मताधिकाराची मागणी ज्यांनी लावून धरली त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने दिलेल्या निवेदनात त्यांनी स्त्री-पुरुष दोघांनाही प्रौढ मताधिकार मागितला. मालमत्तेची अट ही माझ्या आजीसारख्या बाईला कायमची दाराबाहेर ठेवणारी अट होती, आणि ती मोडल्याशिवाय मताधिकार सर्वांचा होणार नव्हता. १९२५ साली बाबासाहेब आमच्या निपाणीत बहिष्कृत परिषदेसाठी आले होते, ही आठवण गावात आजही सांगतात.

प्रतिसाद: शहापूरचा जुना मास्तर

निपाणीकर, तुमचा आक्षेप मला मान्य आहे, आणि मी तो आधीच लिहायला हवा होता. एका गोष्टीची भर घालतो. १९३१ च्या सुमारास अखिल भारतीय महिला परिषदेसह स्त्रियांच्या प्रमुख संघटनांनी एकत्र येऊन सरकारकडे जे मागितले, तेही प्रौढ मताधिकारच होते. नवऱ्याच्या मालमत्तेवरून बायकोला मत देण्याची कल्पना त्यांना अपमानास्पद वाटत होती आणि त्यांनी राखीव जागाही नको म्हटल्या होत्या. सरकारने त्यांचे ऐकले नाही. नवऱ्याच्या ऐपतीचे कलमही आले आणि प्रांतांच्या कायदेमंडळांत मिळून स्त्रियांसाठी ४१ राखीव जागाही आल्या, त्यांपैकी मुंबईच्या १७५ जणांच्या सभागृहात ६. रेशमी साडीतल्या बायकांमध्येही वखारीतल्या बाईचे मत मागणाऱ्या होत्या, एवढे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो. मात्र त्या बाईला विचारून त्यांनी ते मागितले का, हा तुमचा प्रश्न शिल्लक राहतोच.

प्रौढ मताधिकार घटनेच्या कलम ३२६ ने आला, परंतु तो कागदावरून यादीत उतरवताना काय झाले तेही मुलींना कळायला हवे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या तयार होत असताना देशात लाखो बायकांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई अशीच नोंद करून घेतली. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असा आग्रह धरला, मुदत वाढवून दिली, आणि तरीही ज्यांचे नाव मिळाले नाही अशा सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. त्यांतील बहुतेक उत्तरेकडच्या प्रांतांतील होत्या. पण परक्या पुरुषापुढे स्वतःचे नाव न सांगणे आणि नवऱ्याचे नाव तोंडाने न उच्चारणे ही रीत आपल्या घरांतही होतीच. माझी आई नवऱ्याचे नाव केवळ उखाण्यात घेई; सरकारी माणूस आला की शेजारीण पुढे होऊन तिच्या यजमानांचे नाव सांगत असे.

प्रतिसाद: माजी मेंबर, बेळगाव तालुका

मास्तर, निपाणीचे दादा आणि बाई, तुमचे सगळे वाचले. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई आहे, त्यामुळे इतिहासात भर घालू शकणार नाही. मत मिळाल्यावर आणि निवडून आल्यावर पुढे काय होते, ते मात्र स्वतःच्या अनुभवावरून लिहिते. माझ्या भाचीने हे लिहून घेतले आहे.

आपल्या कर्नाटकात बायकांसाठी पंचायतीत राखीव जागा देशाच्या आधी आल्या. १९८३ च्या कायद्याने मंडल पंचायती आणि जिल्हा परिषदांत २५ टक्के जागा बायकांना दिल्या आणि त्यानुसार १९८७ मध्ये निवडणुका झाल्या. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली तेव्हा देशभर एक तृतीयांश जागा आल्या, आणि पुढे कर्नाटकाने त्या निम्म्या केल्या. मी २०१५ साली राखीव जागेवर निवडून आले. माझे नाव घरात ठरले, मला विचारून नव्हे. त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. तेव्हा मलाही ते वावगे वाटले नव्हते.

पहिल्या सभेची नोटीस आली ती कन्नडमध्ये. आमचे गाव सारे मराठी बोलणारे, माझी शाळा मराठी, मला कन्नड बोललेले थोडे कळते पण अक्षर वाचता येत नव्हते. यजमानांनी नोटीस वाचून घेतली आणि सभेलाही तेच बरोबर आले. ठराव लिहिलेले पुस्तक माझ्यापुढे सरकवले गेले आणि मी सही केली. वर्षभर असेच चालले. मग एक दिवस आमच्या गल्लीतील बायका घरी आल्या आणि त्यांनी विचारले की आमच्या वॉर्डात मंजूर झालेली पाण्याची पाइपलाइन दुसरीकडे कशी गेली. मी म्हटले, मला माहीत नाही. त्यांनी ठरावाची प्रत काढून आणली होती. त्यावर माझी सही होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या बायकांनी मला एक शब्दही वावगा बोलला नाही, आणि त्याचेच मला जास्त लागले. दुसऱ्या दिवशी मी दिराच्या मुलाचे पहिलीचे कन्नड पुस्तक मागून घेतले. तो मला संध्याकाळी अक्षरे शिकवी आणि चुकले की माझ्यावर रागवे. आठ महिन्यांत मी नोटिशीचे विषय वाचू लागले. आकडे तर त्याआधीच. कामांच्या यादीत कोणत्या वॉर्डापुढे किती रक्कम लिहिली आहे, एवढे वाचता आले तरी सभेतील बरेचसे कळते. त्यानंतर मी न वाचता सही केली नाही, आणि यजमानांना सांगितले की तुम्ही मला सभेला सोडायला या, आत मी जाईन. बाई, तुमच्या आजीचे वडील बाहेर झाडाखाली थांबले हे वाचताना मला ते आठवले. माझे यजमानही पंचायतीच्या बाहेर चहाच्या टपरीवर थांबू लागले, आणि थोड्या दिवसांनी त्यांचे तिथवर येणेही बंद झाले.

मी दुसरेही एक केले. जिथे मराठी बोलणाऱ्यांची वस्ती मोठी आहे तिथे नोटिसा आणि ठराव मराठीतही मिळावेत, असा लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच मागून घेतली. भाषिक अल्पसंख्याकांच्या या मागणीविषयी आपल्या भागात पुष्कळ वर्षे भाषणे होतात, मोर्चे निघतात, आणि मी त्यांत चालत गेले आहे. परंतु त्या भाषणांत मी एकदाही ऐकले नाही की या कागदामुळे सर्वांत जास्त अडते ते बाईचे. पुरुष तालुक्याला जातो, कचेरीत ओळख काढतो, कोणाकडून तरी वाचून घेतो. बाईला घरातल्या पुरुषाकडूनच वाचून घ्यावे लागते, आणि मग पद तिचे असले तरी निर्णय त्याचा होतो. मला कन्नड शिकल्याचा अभिमान आहे. शेजारच्या गावच्या कन्नड मेंबर बाईंशी माझी मैत्री त्यामुळेच झाली. पण प्रत्येक मराठी बाईने आधी आठ महिने अक्षरे गिरवावीत आणि मग कारभार करावा, ही अट मला पटत नाही. मास्तरांनी साक्षरतेच्या अटीचे लिहिले आहे. आमच्यासाठी ती अट अजून दुसऱ्या रूपात उभी आहे, असे मला वाटते.

अर्जाला लेखी उत्तर माझ्या मुदतीत आले नाही. तोंडी मात्र एवढे झाले की नंतरच्या सभांत विषय मराठीतून समजावून सांगू लागले. ग्रामसभेत बायकांना घेऊन गेले तेव्हा त्याचा उपयोग झाला. रोजगार हमीचे काम मागायचा नमुना ६ भरून दिला की तारखेची पावती घ्यायची, हे आम्ही तिथेच शिकलो, आणि पावती हातात असली की काम नाकारता येत नाही हेही. बाईला पुरुषाइतकीच मजुरी त्या कामावर मिळते. आमच्या गावात शेतात अजून तसे नाही.

प्रतिसाद: कॅम्पमधला विद्यार्थी

माजी मेंबर मावशींचा प्रतिसाद मी माझ्या आईला वाचून दाखवला. माझा एक प्रश्न आहे. २०२३ मध्ये लोकसभा आणि विधानसभांत बायकांना एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती झाली, तर आपल्या जिल्ह्यात तिचा परिणाम कधी दिसेल?

प्रतिसाद: शहापूरचा जुना मास्तर

ही १०६ वी घटनादुरुस्ती. ती संमत झाली तेव्हा तिच्यात अशी तरतूद होती की त्यानंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होऊन मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर राखीव जागा लागू होतील. असे पहिले विधेयक १९९६ मध्ये संसदेत आले होते आणि २०१० मध्ये राज्यसभेने अशाच स्वरूपाचे नंतरचे एक विधेयक मंजूरही केले होते, त्यामुळे प्रतीक्षा जुनीच आहे.

आपल्या जिल्ह्यातून बायका आता निवडून जात नाहीत असे नाही. खानापुरातून डॉ. अंजली निंबाळकर, निपाणीतून शशिकला जोल्ले, बेळगाव ग्रामीणमधून लक्ष्मी हेब्बाळकर आमदार झाल्या, त्यांपैकी दोघी महिला व बालकल्याण मंत्रीही झाल्या. सुरेश अंगडी यांच्या निधनानंतर २०२१ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी मंगला अंगडी बेळगावातून लोकसभेवर गेल्या आणि २०२४ मध्ये चिकोडीतून प्रियांका जारकीहोळी. या शेवटच्या दोघी राजकारणात आधीपासून असलेल्या घरांतील आहेत. त्यांच्या योग्यतेविषयी मला काही म्हणायचे नाही. तिकीट देणारे पक्ष बाईकडे पाहताना आधी तिचे घर पाहतात, एवढे मात्र दिसते. पंचायतीत पाच वर्षे काढलेल्या, स्वतः अक्षरे शिकलेल्या मेंबर ताईंसारख्या बायकांचा जिल्हा पंचायतीच्या आणि विधानसभेच्या तिकिटासाठी विचार व्हावा, हे मी आमच्या भागातील सर्व पक्षांच्या मंडळींना सांगत आलो आहे आणि सांगत राहीन.

प्रतिसाद: मलप्रभाकाठ

मास्तर, निपाणीचे दादा आणि मेंबर ताई, तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. मी हा सारा धागा आजीला दोन संध्याकाळी बसून वाचून दाखवला. पेन्शनच्या कलमाचे ऐकल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे ते मत आत्याला नवऱ्याच्या मरणाचे मिळाले होते." तिला ते आधी माहीत नव्हते. आत्या शिकलेली नसताना तिलाच कसे बोलावले, याचे घरात सर्वांना नवल वाटत असे, असे ती म्हणते.

मी तिला तिच्या स्वतःच्या पहिल्या मताविषयी विचारले. १९५२ च्या निवडणुकीत ती एकवीस वर्षांची झालेली नव्हती. तिच्या सासूबाईंनी मत दिले, ते मुंबई राज्याच्या विधानसभेसाठी. आजीने पहिले मत १९५७ मध्ये दिले, त्याच गावात, त्याच घरातून जाऊन, पण म्हैसूर राज्याच्या विधानसभेसाठी, कारण मधल्या काळात १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूरमध्ये गेला होता. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि पेटीवर चिन्ह चिकटवलेले असे. हवी ती पेटी ओळखून तिच्यात कागद टाकायचा. नाव नोंदवायला माणूस आला तेव्हा आजोबांचे नाव कोणी सांगितले, असेही मी विचारले. तिने सांगितले की ओसरीवर सासूबाई बसल्या होत्या, त्यांनी मुलाचे नाव सांगितले, आणि सुनेचे नाव विचारल्यावर त्या म्हणाल्या, "ते तिचे तिलाच विचारा."

नववीच्या वर्गात मी सोमवारी हा विषय घेते आहे. प्रत्येक मुलीने घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीला तिचे पहिले मत कोणत्या साली आणि कोणत्या राज्यासाठी दिले हे विचारून यायचे, आणि यादीत नाव कोणी सांगितले तेही. मेंबर ताई, तुमची परवानगी असेल तर पहिलीच्या कन्नड पुस्तकाची गोष्टही मी वर्गात सांगेन. गावाचे किंवा तुमचे नाव घेणार नाही. आमच्या पंचायतीची ग्रामसभा जवळ आली आहे. विषयपत्रिका मराठीतही मिळावी म्हणून अर्ज कसा लिहिला होता, त्याचा नमुना भाचीकडून इथे टाकता आला तर आमच्या संघातील बायकांच्या सह्या मी घेऊ शकेन.

प्रतिसाद: माजी मेंबर, बेळगाव तालुका

बाई, गोष्ट खुशाल सांगा, आणि नाव घेतले तरी माझी हरकत नाही. अर्जाची माझ्याकडील प्रत पत्र्याच्या पेटीत आहे, भाची रविवारी येईल तेव्हा ती इथे उतरवून देईल. दोन प्रती करून न्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका. सह्या घेताना ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा घ्या, पण शेजारी त्यांचे स्वतःचे पूर्ण नाव लिहा.